ओट्याची उंची

गहू आंबल्याचा वास परवा सकाळी अंगणापर्यंत आला आणि कुरडयांचे दिवस आले हे कळलं. भिजत घातलेल्या गव्हाला तिसऱ्या दिवशी हा वास सुटतो. ताकाचा म्हणावा तर ताकाचा नाही, ओल्या पोत्याचा म्हणावा तर तसाही नाही. लहानपणी तो आईच्या हातांना यायचा, मग शोभाच्या हातांना यायला लागला. या वर्षी सुनेच्या, अश्विनीच्या हातांना येतो आहे. शोभा, माझी बायको, गेल्या आषाढात गेली.

आत अश्विनी गव्हाचं पाणी बदलत होती. ओट्यापाशी कमरेत वाकलेली, डावा हात पाठीवर. मी दारातून पाहिलं आणि माघारी फिरलो. हल्ली मी स्वयंपाकघरात फारसा जात नाही. तहान लागली तर अंगणातल्या माठाचं पाणी पितो. स्वयंपाकघरातला ओटा किती उंच करायचा हे मी ठरवलेलं आहे. त्याच्याआधी जो ओटा होता, त्याची उंचीही मीच ठरवली होती. दोन्ही वेळा चुकली.

तेलगावातलं हे घर बांधलं तोही उन्हाळाच होता. शोभा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, नांदूरघाटला गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आणि घर बांधायचं तर पावसाच्या आत छत पडलं पाहिजे, ही दुसरी रीत. दोन्ही एकाच उन्हाळ्यात आल्या. आमच्या आळीत तोवर सगळ्यांच्या घरी बसून स्वयंपाक व्हायचा. आम्ही उभ्याचा ओटा करणार होतो, पाठीमागे पांढऱ्या फरशा, वर काळा कडाप्पा. मला त्याचा फार अभिमान होता. ओट्याच्या भिंती निम्म्यावर आल्या तेव्हा त्या वेळचा मिस्त्री म्हणाला, "घरातलं बाईमाणूस उभं करा, माप घ्यायचंय." घरात बाईमाणूस एकच, माझी आई. ती चुलीपुढून उठली नाही. "उभ्यानं सैपाक करायला मी काय हाटेलात हाय का," म्हणाली. मिस्त्री खोळंबला होता. वाळू संपत आली होती. मी म्हणालो, घे माझंच.

आणि मी उभा राहिलो. हात कोपरातून वाकवून, पोळ्या लाटतो तसं करून दाखवलं. बांधकामावरची माणसं हसली. मीही हसलो. मी आयुष्यात तोवर चहासुद्धा केला नव्हता.

शोभा माझ्या खांद्याला लागायची. बाळ घेऊन परत आली तेव्हा सगळ्यांनी तिला आधी स्वयंपाकघर दाखवायला नेलं. ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. कडाप्प्याची कड तिच्या छातीशी आली. तिनं दोन्ही हात वर ठेवले, शाळेत बाकावर ठेवतात तसे, आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"कुणासाठी केलाय एवढा उंच?"

"होईल सवय," मी म्हणालो.

पुढं सुताराकडून मी तिला एक पाट करून आणला. दारांच्या कामातून उरलेली बाभळीची फळी होती, दोन हात लांब, खाली वीतभर उंचीचे ठोकळे. शेगडीपासून मोरीपर्यंत तिला त्यावरच सरकता यावं म्हणून लांब केला. एखादी भेट आणावी तसा मी तो आणला होता हे आठवलं की मला बसल्या जागी मान खाली घालावीशी वाटते. शोभानं त्यावर चढून पाहिलं आणि म्हणाली, "आता मी तुमच्या येवढी झाले." आई, ती, सगळेच हसले. गणेश पाळण्यात होता.

त्या पाटावर तिचं सगळं वय गेलं. भाकरी मात्र पाटावर उभं राहून थापता येत नाही. भाकरीला खांद्यातून जोर लागतो, काटवट खाली लागते. म्हणून ती जमिनीवर बसून भाकरी थापायची, ती तळहातावर घेऊन उठायची, पाटावर चढायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायची, उतरायची, पुन्हा बसायची. प्रत्येक भाकरीला हेच. पाहुणे आले, कापूस वेचणीला बाया लावल्या की टोपली भरेपर्यंत हेच. मी बाहेर जेवत असायचो. तव्यावरची गरम भाकरी ताटात पडायची आणि मला ती गरम असल्याचा आनंद व्हायचा.

मी जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टीच्या कामाला आहे. दावणीला बैल कसा उभा आहे, कुठल्या पायावर भार टाकायचं टाळतो आहे, हे मला लांबून कळतं. शेरडं घेऊन आलेला धनगर बोलायच्या आधी मी म्हणतो, मागचा डावा ना? लोक वाखाणतात. आणि घरात एक बाई भिंतीला हात लावून उठते आहे, गुडघा धरून पाटावर चढते आहे, हे माझ्या डोळ्यांपुढं वर्षानुवर्षं चाललं होतं.

तिच्या पोटात गाठ निघाली आणि आम्ही संभाजीनगरच्या चकरा सुरू केल्या. त्या चकरांचं मला काही सांगायचं नाही. शेवटी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं, घरी न्या म्हणाले. मी बाहेर आलो तर ती बाकड्यावर बसून शेजारच्या बाईला कुरडयांच्या चिकात मीठ किती घालायचं ते सांगत होती. गाडीत तिनं मला काही विचारलं नाही. गढी गाव ओलांडलं तसं उसाला पाणी चाललेलं दिसलं, तेव्हा एवढंच म्हणाली, "लवकर आलो घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा करायला गेली. अश्विनी अंगण झाडत होती. खूप वेळ भांड्याचा आवाज आला नाही म्हणून मी आत गेलो. ती पाटाशेजारी उभी होती, चढली नव्हती. हात वर करून तिनं कडाप्प्याची कड धरली होती.

"वटा उंच झाला हो," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत त्या ओट्याबद्दल तिनं काढलेला हा दुसरा शब्द. त्या दिवशी दुपारी मी रजेचा अर्ज दिला आणि गणेशला सांगितलं, स्वयंपाकघर नवीन करायचं, आत्ताच. गणेश बीडला एका क्लासमध्ये शिकवतो, रोज जाऊन-येऊन करतो. 

"पप्पा, आता? आईची ही अशी तब्येत. घरात धूळ होईल."

"म्हणून तर आता."

त्याला माझं म्हणणं कळलं. तो बूट घालून निघून गेला.

मग ते दिवस. बाहेर ऊन असं की पत्र्यावर टाकलेली कुरडई दुपारपर्यंत वाजायला लागावी, आणि घरात मी ग्रॅनाइटचे तुकडे मांडून बसलेलो. काळा, तांबडा, करड्यात पांढरे ठिपके असलेला. मोरीत सिंक एक की दोन. ट्रॉल्या स्टीलच्या की प्लायच्या. प्लायला पाणी लागलं तर फुगतो, स्टील वाजतं. मी कागदावर रेषा ओढायचो, खोडायचो. तिच्या बाजेजवळ नेऊन दाखवायचो. हे बघ, इथं मिसळणाचा डबा, हाताशी. इथं पीठ, वाकायला नको. इथं भाकरी थापायला मोकळी जागा, उभ्यानं. ती बघायची. "चांगलं हाय," म्हणायची. कुठलंही दाखवलं तरी चांगलं हाय. मला तिच्याकडून एक, फक्त एक मागणी हवी होती. हे नको, ते पाहिजे, असं एकदा तरी. मला वाटत होतं, तिनं एक गोष्ट मागितली आणि मी ती दिली तर काहीतरी फिटेल.

तिला बरं वाटत होतं अशा एका दिवशी गाडी करून आम्ही तिघं बीडला ग्रॅनाइटच्या दुकानात गेलो. मी, ती आणि अश्विनी. उघड्यावर उभ्या केलेल्या लाद्या उन्हानं तापलेल्या. दुकानदारानं तिला आत कूलरपुढं खुर्ची दिली आणि काळी कुळकुळीत लादी पुसून दाखवली.

"काकू, हे बघा. आरशावानी. तोंड दिसतंय का न्हाई?"

"तोंड बघत सैपाक केला तर भाजी करपंल की," शोभा म्हणाली.

दुकानदार खळखळून हसला. "काकू, तुमाला मार्केटिंगला ठिवतो."

तिनं एकेका तुकड्यावर तळहात ठेवून पाहिला. आतल्या सावलीतले गार होते. एकावर तिनं गालही टेकवला असता असं मला वाटलं, इतका वेळ हात तिथंच होता. तो हिरवट होता, हरभऱ्याच्या घाट्यासारखा, आत काळे दाणे. मी दुकानदाराकडे पाहिलं, हाच द्या असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "अश्विनी, तुला कंचा आवडला गं?"

"आई, तुम्ही सांगा ना," अश्विनी म्हणाली.

"मला काय कळतंय त्यातलं. तुला रोज बघायचाय."

मी उठून बाहेर गेलो. लाद्यांच्या मधोमध उन्हात उभा राहिलो. सगळीकडून उष्णता अंगावर येत होती. परत आत आलो तेव्हा हिरवा ठरला होता. दोघींपैकी कुणी ठरवला ते मी विचारलं नाही. अजूनही मला माहीत नाही.

इसाक मिस्त्री कामाला आला तो बडबड्या, तंबाखू मळत मळत येणारा. दिलेल्या वारी कधी आला नाही, पण आला की घर हसतं ठेवायचा. त्यानं जुना ओटा फोडला. कडाप्पा मधोमध तडकून खाली आला, विटांच्या भुग्यात कित्येक वर्षांपूर्वी हरवलेला एक चमचा निघाला. आम्ही पडवीत चूल मांडली. अश्विनी तिथं स्वयंपाक करायची. त्याच आठवड्यात शेजारच्या बायकांनी येऊन शोभाच्या कुरडया पाडून दिल्या. ती बाजेवरून सांगत होती, हाटा, हाटा, गुठळी होईल. चीक शिजल्याचा वास आणि सिमेंटचा वास घरात एक झाला होता. वाटीत गरम चीक, दूध-साखर घालून मी तिला दिला. एक चमचा तिनं खाल्ला. दुसरा माझ्या तोंडाकडे केला.

मग माप घ्यायचा दिवस आला.

"वहिनी, जरा उभ्या ऱ्हावा. कोपराच्या खाली चार बोटं, तिथं वटा," इसाक टेप काढत म्हणाला.

शोभा बाजेवर बसली होती. "माझं नगं. अश्विनीचं घ्या."

अश्विनी उंच आहे. लग्नात तिच्या कपाळाला कुंकू लावताना शोभाला टाचा उचलाव्या लागल्या होत्या आणि मांडवात हशा झाला होता.

"आता वटा सासूचा का सुनंचा?" इसाक हसत म्हणाला. "बघा वहिनी, आमच्या घरी ह्याच्यावरनं भांडण झालंय. अजून मिटलं न्हाई."

"भांडायला दोघी लागत्यात," शोभा म्हणाली. सरळ आवाजात, पिठात मीठ लागतं असं सांगावं तसं.

इसाकच्या हातातला टेप सळसळत आत गेला. अश्विनी चुलीपुढून उठली आणि दाराआड गेली. मला राग आला. कुणावर ते आता सांगता येत नाही, पण त्या वेळी तो शोभावर निघाला.

"तुझंच माप घ्यायचं. मी सांगतो ना. उठ."

"कावून हट्ट करताय? ती उंच हाय. पाठ मोडंल पोरीची."

"उठ म्हणलं ना."

ती उठली. आयुष्यभर मी म्हटलं की उठली तशीच. भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हात कोपरात वाकवला. तो हात धरून ठेवायला तिला दुसऱ्या हाताचा आधार लागत होता. दुखण्यानं ती वाकली होती, तिची स्वतःची उंचीही तिच्यापाशी राहिली नव्हती. इसाकनं पेन्सिलनं भिंतीवर रेघ मारली, एकदा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा रेघेकडे पाहिलं.

"लई खाली येतंय, भाऊ."

"येऊ दे."

शोभा बाजेवर बसली. दम खाल्ला. मग मला एकट्याला ऐकू येईल एवढंच म्हणाली, "करा. तुमाला बरं वाटतंय ना, मग करा."

मी ते ऐकलं. ऐकूनही इसाकला हो म्हणालो. जुन्या ओट्याच्या वेळी मला कळत नव्हतं, असं तरी म्हणता येतं. या वेळी मला कळत होतं. ती उभी राहणार नाही हे मला डॉक्टरांच्या खोलीतच कळलं होतं. तरी त्या रेघेपाशी मी अडून बसलो. तो ओटा तिच्यासाठी करतो आहे असं मी गावभर सांगत होतो. ते खरं नव्हतं हे तिला बाजेवरून दिसत होतं.

ओटा झाला. पाणी मारायला टँकर मागवला, विहिरीचा तळ दिसत होता. हिरवा ग्रॅनाइट बसला, पुसला, कडेला फुलं वाहिली. अश्विनीनं तिला हाताला धरून आणलं. ती ओट्यापुढं उभी राहिली. हात सरळ पुढं गेले, वर करावे लागले नाहीत. तळहात दगडावर सपाट पडले. पाट मी आधीच बाहेर टाकला होता, लाकडांच्या ढिगावर.

"पीठ दे गं," ती म्हणाली.

अश्विनीनं ज्वारीचं पीठ दिलं. शोभानं उंडा केला, पीठ पसरलं, थापायला लागली. उभ्यानं. मी दारात उभा होतो. गणेश माझ्या मागं. भाकरी निम्मी झाली, मग बोटं नुसती पिठावरून फिरायला लागली. ठसा उमटत नव्हता. भाकरी मोठी होत नव्हती. ती थांबली.

"हात पोचतोय आता," ती म्हणाली. "जोर न्हाई."

अश्विनीनं पुढं होऊन, वाकून, ती भाकरी पुरी केली. शोभानं तिच्या वाकलेल्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर ती त्या ओट्यापाशी गेली नाही. तिनं बाजेवरून करवून घेतलेल्या कुरडया डब्यात भरून ठेवल्या होत्या, त्या तिच्या तेराव्याच्या जेवणात तळल्या. तेलात पडली की कुरडई एकदम फुलते, आपल्या अंगाच्या दुप्पट होते. जेवायला बसलेल्यांनी चव घेतली, चांगल्या झाल्यात म्हणाले. त्यांना त्या कुणी केल्यात ते ठाऊक होतं.

मी अश्विनीला दोनतीनदा म्हणालो, ओटा फोडू, तुझ्या मापाचा करू. ती म्हणते, "राहू द्या मामा. आईंचा हाय." ती कोड्यात बोलणारी मुलगी नाही. तिला खरंच तसं वाटतं. तिला वाटतं, आधी नको म्हणाली तरी शेवटी सासूनं हौसेनं आपल्या मापाचा करून घेतलेला ओटा आहे. भिंतीवरची ती पेन्सिलची रेघ फरशांच्या मागं गेली. आता ते काय होतं हे मी कुणाला सांगू? मी फोडायला निघालो तर ती दुखावते. ठेवला तर तिची पाठ जाते. परवा ती कणीक मळताना मधेच थांबली, दोन्ही हात कमरेवर ठेवून मागं वाकली, छताकडे तोंड करून. शोभा असंच गुडघ्यांवर हात ठेवून थांबायची. मी तेव्हा पेपर वाचत असायचो.

आज सकाळी चीक शिजवायचा होता. सोऱ्या माळ्यावरून काढून द्यायला अश्विनीनं हाक मारली म्हणून मला आत जावं लागलं. सोऱ्या दिला आणि पाहिलं तर ती सरळ उभी होती. पाठ ताठ, खांदे मोकळे, समोरच्या पातेल्यात चीक हाटत होती. वाफ तिच्या तोंडावर येत होती. शेगडी उंच दिसत होती.

"वाकावं लागत न्हाई आता," ती म्हणाली. "लाकडाच्या ढिगात होता. धुऊन घेतला. बसतोय का न्हाई बरोबर?"

हिरव्या दगडावर शेगडीखाली तो पाट होता. बाभळीची फळी, दोन हात लांब. घासून घासून धुतल्यावर लाकडाचा रंग वर आला होता आणि त्यात दोन जागा अजून काळपट, गुळगुळीत, जरा खोल राहिल्या होत्या, पावलाएवढ्या. शेगडीचे पाय त्यांतच बसले होते.

"बसतोय," मी म्हणालो.